ऑनलाइन फोटो आणि त्यांचे हक्क: बेळगाव सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले फोटोग्राफर, गणेशोत्सव मंडळं, फ्लेक्स छापणारे, शाळा आणि घरबसल्या साड्या किंवा कुंदा विकणारी कुटुंबं या सगळ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भारतात फोटोच्या हक्काचा मुख्य कायदा म्हणजे कॉपीराइट कायदा, १९५७. तो केंद्राचा आहे. त्यामुळे कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कोल्हापूरला गेलं किंवा शिनोळीवरून चंदगडला, तरी नियम तेच राहतात. पोलीस ठाणं आणि न्यायालय मात्र बदलतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

फोटो एकदा फेसबुकवर टाकला की तो सगळ्यांचाच झाला ना?

नाही. सगळ्यांना दिसतो म्हणून तो सगळ्यांच्या मालकीचा होत नाही. फोटो काढला त्या क्षणी त्यावर हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, © हे चिन्ह लागत नाही, वॉटरमार्कही लागत नाही. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर खातं उघडताना आपण त्या कंपनीला फोटो साठवायला, दाखवायला आणि पुढे पोचवायला परवानगी देतो, पण मालकी आपल्याकडेच राहते. कंपनीला दिलेली परवानगी म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या मिठाईवाल्याला दिलेली परवानगी नव्हे. त्याने तो फोटो उतरवून आपल्या जाहिरातीत लावला, तर तो तुमच्या हक्काचा भंग करतो.

लग्नाचे फोटो कुणाच्या मालकीचे? फोटोग्राफरच्या की लग्नघरच्या?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात, आणि बहुतेक फोटोग्राफरांना उत्तर ऐकून धक्का बसतो. ‘बटण मी दाबलं, म्हणून फोटो माझा’ हा सर्वसाधारण नियम आहे खरा; कायद्यात फोटो काढणाराच त्याचा कर्ता मानला जातो. पण कलम १७ मध्ये एक मोठा अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक फोटो काढून घेणारा ठरतो. लग्न, बारसं, मुंज, पासपोर्ट फोटो, शाळेचा ग्रुप फोटो, दुकानाच्या मालाचे फोटो हे सगळं यात येतं.

म्हणजे ठरवून काही लिहिलेलं नसेल, तर ज्यांनी काम सांगितलं आणि पैसे दिले त्यांची परवानगी न घेता फोटोग्राफरला नवरीचा फोटो आपल्या पेजवर टाकता येत नाही, की स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावता येत नाही. बेळगावच्या बाजारपेठेत जुन्या स्टुडिओंच्या काचेत वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांचे फोटो टांगलेले असतात. रिवाज आहे म्हणून कुणी हरकत घेत नाही, पण कायद्याच्या नजरेत त्याला परवानगी लागते.

फोटोग्राफरला आपल्या कामाची जाहिरात करायचीच असते, त्यात गैर काही नाही. मग ऑर्डर घेतानाच पावतीवर एक ओळ लिहून सही घ्या: ‘या समारंभाचे फोटो आमच्या कामाचा नमुना म्हणून आमच्या पेजवर आणि स्टुडिओत दाखवण्यास आमची परवानगी आहे / नाही.’ नको तो शब्द खोडायची सोय ठेवा. ज्यांना नको असतं ते आधीच सांगतात आणि अल्बम देताना कटकट होत नाही.

एक बारीक मुद्दा: काम मुलीच्या वडिलांनी सांगितलं, पैसे मुलाकडच्यांनी दिले, तर मालक कोण? कायदा ‘सांगण्यावरून’ आणि ‘मोबदल्यासाठी’ हे दोन्ही शब्द वापरतो. असा घोळ नको असेल तर पावती एकाच नावाने करा.

मालकी लग्नघरची असेल तर रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल्स) द्याव्याच लागतील?

तसं आपोआप होत नाही. फोटोवरचा हक्क वेगळा आणि फाइल हातात मिळणं वेगळं. किती फोटो, कुठल्या स्वरूपात, रॉ द्यायच्या की फक्त एडिट केलेल्या जेपेग, आणि स्टुडिओ त्या किती महिने जपून ठेवणार, हे ठरावाचे विषय आहेत. ‘फाइल्स सहा महिन्यांनंतर ठेवल्या जाणार नाहीत’ असं लिहिलेलं नसलं की तीन वर्षांनी कुणीतरी हार्ड डिस्क मागायला येतं.

दिवसाच्या बोलीवर दुसरा कॅमेरामन नेतो. त्याने काढलेले फोटो कुणाचे?

तो तुमचा पगारी नोकर असेल आणि ते काम नोकरीचा भाग असेल, तर तुमच्या दोघांत ते तुमचे; लग्नघरचा हक्क वर सांगितला तसाच. एका दिवसापुरता आला असेल तर वाद होऊ शकतो, कारण तो नोकर नाही. ज्याच्या सांगण्यावरून आणि पैशांवर त्याने काम केलं त्याचे फोटो, हा नियम तुमच्या बाजूने आहे. तरी त्याच्याशीही दोन ओळींचा कागद करा. पंधरा दिवसांनी तेच फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवर दिसतात आणि लग्नघरचे तुम्हाला फोन करतात, असं हमखास होतं.

करारात नेमकं काय लिहायचं?

मालकी पूर्ण द्यायची असेल (याला कायदेशीर भाषेत अभिहस्तांतरण म्हणतात) तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो, तोंडी चालत नाही. नुसती वापरायची परवानगी द्यायची असेल तरी ती लेखी हवी. ईमेल किंवा मेसेज जपून ठेवा. त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात: कोणते फोटो (फाइलचे क्रमांक किंवा समारंभाची तारीख), कशासाठी (पेज, कॅलेंडर, फ्लेक्स, वृत्तपत्र), किती काळ, कुठे, किती पैसे, आणि नाव द्यायचं की नाही.

काळ लिहिला नाही तर कायदा तो पाच वर्षांचा धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क घेतल्यापासून एका वर्षात वापरलाच नाही आणि त्याबद्दल वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो हक्क संपुष्टात येतो. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ एवढंच लिहून समाधान मानणाऱ्यांनी ही कलमं आधी वाचावीत.

करार मराठीत केला तरी चालतो. पण वाद कर्नाटकातल्या न्यायालयात गेला तर त्याचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर द्यावं लागेल, म्हणून मोठ्या रकमेचं काम असेल तर सुरुवातीलाच दोन भाषांत करार करून घ्या. भाषांतरात ‘परवानगी’ आणि ‘मालकी’ यांची अदलाबदल झाली तर सगळा अर्थच उलटतो.

हक्क विकले तर माझं नाव द्यायची गरज उरत नाही?

उरते. कलम ५७ प्रमाणे कर्त्याला आपलं कर्तेपण सांगण्याचा आणि आपल्या कामाची मोडतोड करून अब्रूला धक्का लावला तर हरकत घेण्याचा हक्क आहे. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी हा हक्क कर्त्याकडे राहतो. लग्नाच्या फोटोंनाही हे लागू आहे.

मी वार्ताहर आहे. वृत्तपत्राला पाठवलेले फोटो कुणाचे?

पगारी नोकरीत असाल तर वृत्तपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीच्या वापराचा तुमचा, अर्थात वेगळा करार नसेल तर. फोटोमागे पैसे घेणारे स्ट्रिंगर असाल तर दोन शक्यता आहेत. संपादकाने ‘उद्या यल्लम्मा डोंगरावर जाऊन यात्रेचे फोटो काढून आण’ असं सांगून पैसे दिले, तर मालकी वृत्तपत्राची. तुम्ही आपणहून काढलेला फोटो नंतर विकला, तर मालकी तुमचीच; त्यांनी फक्त छापायची परवानगी विकत घेतली.

खाली ‘साभार: गूगल’ किंवा ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहिलं तर चालतं ना?

चालत नाही. गूगल हे फोटोचं दुकान नाही, ते फक्त फोटो कुठे आहे ते दाखवतं. शिवाय ज्याचा फोटो आहे त्याचं खरं नाव लिहिलं तरी ते परवानगीची जागा घेत नाही.

परवानगीविना वापर चालतो अशा काही ठरावीक गोष्टी कलम ५२ मध्ये आहेत: खाजगी वापर आणि अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्तांकन. तिथेही वापर रास्त हवा. वर्गात शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने फोटो वापरणं याच कलमात बसतं. तोच प्रकल्प शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर गेला की बसत नाही.

गणपतीच्या मूर्तीचा फोटो काढून कॅलेंडर छापलं तर? आणि राजहंसगडावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचा?

ही दोन उदाहरणं दिसायला सारखी आहेत, पण उत्तरं वेगळी आहेत. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला कायद्यानेच मोकळीक दिली आहे. राजहंसगडावरचा पुतळा, चौकातला पुतळा, एखादी इमारत हे त्यात येतं. किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तर शिल्पकाराच्या हक्काचा प्रश्नच राहिलेला नाही. तिथे ट्रायपॉड वगैरे लावायचा असेल तर खात्याची परवानगी घ्यावी लागते, ती गोष्ट वेगळी.

मंडळातली गणेशमूर्ती मात्र विसर्जनापर्यंतच असते. ती कायमची नाही, म्हणून ही मोकळीक तिला लागू होत नाही. मूर्ती हे मूर्तिकाराचं कलाकाम आहे. मिरवणुकीची बातमी म्हणून फोटो छापला तर अडचण नाही. पण तोच फोटो कॅलेंडरवर किंवा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर घालून विकायचा असेल तर मूर्तिकाराला विचारा. शिवजयंतीच्या चित्ररथांनाही हेच तत्त्व लागू पडतं.

भिंतीवर रंगवलेल्या चित्रांबद्दल आणखी सावध राहा. मोकळीक शिल्पांना आणि कारागिरीच्या वस्तूंना आहे, रंगचित्रांना नाही. भिंत रस्त्यावर असली तरी.

वाढदिवसाचा फ्लेक्स छापताना नेटवरून फोटो घेतला. गिऱ्हाइकानेच पाठवला होता, मग जबाबदारी माझी नाही ना?

तुमचीही आहे. प्रत तुमच्या मशीनवर निघाली. ‘गिऱ्हाइकाने दिला’ हा बचाव पूर्ण सुटका करत नाही, फार तर तुम्हाला माहीत नव्हतं एवढं दाखवतो. हक्कभंग होतोय याची कल्पना नव्हती हे सिद्ध झालं, तर न्यायालय छपाई थांबवायला सांगू शकतं आणि मिळवलेल्या नफ्यातला वाजवी भाग द्यायला लावू शकतं, पण नुकसानभरपाई सहसा लागत नाही. ऑर्डर फॉर्मवर ‘या फोटोंच्या वापराची परवानगी माझ्याकडे आहे’ या ओळीखाली गिऱ्हाइकाची सही घ्या. आणि ज्या फोटोवर दुसऱ्याचा वॉटरमार्क अर्धवट दिसतोय, तो छापूच नका.

वॉटरमार्क कापून टाकणं हा वेगळा गुन्हा आहे का?

हो. कलम ६५ब प्रमाणे हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फाइलच्या आत दडलेलं कर्त्याचं नाव पुसणंही यात येतं. (पुराव्याच्या जुन्या कायद्यातही एक ६५ब होतं, वकिलाशी बोलताना गल्लत करू नका.)

शहापूरच्या व्यापाऱ्याकडून साड्या घेऊन व्हॉट्सॲपवर विकते. त्यांनी पाठवलेले फोटो वापरले तर चालतं?

त्यांनी विक्रीसाठीच पाठवले असतील तर त्यांच्या साड्या विकण्यापुरती परवानगी गृहीत धरता येते. पण ‘आमचे फोटो विक्रीसाठी तुमच्या स्टेटस आणि पेजवर टाका’ असा एक मेसेज मागून घ्या. त्यांच्याकडची साडी संपल्यावर तोच फोटो लावून दुसरीकडची साडी विकणं हे परवानगीत बसत नाही, आणि गिऱ्हाइकाची फसवणूक होते ती वेगळीच. मोठ्या विक्री संकेतस्थळावरून फोटो उतरवणं तर मुळीच नको. तिथली छायाचित्रं बहुतेक पैसे देऊन काढून घेतलेली असतात आणि ती आणखी कुणी वापरली आहेत का हे कंपन्या नेटवर शोधत असतात. खिडकीजवळ पांढऱ्या चादरीवर साडी पसरून सकाळी मोबाइलवर काढलेला फोटो रंगाच्या दृष्टीनेही जास्त खरा येतो, आणि परत आलेल्या साड्या कमी होतात.

मोफत वापरता येतील असे फोटो कुठे मिळतात?

गूगलच्या प्रतिमा शोधात वापराच्या हक्काची गाळणी आहे, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. मूळ पानावर जाऊन परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने असे वाचायचे: ‘बाय’ म्हणजे नाव द्या. ‘एसए’ म्हणजे तुम्ही बदल करून बनवलेलंही त्याच परवान्याने खुलं ठेवा. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नाही. ‘एनडी’ म्हणजे बदल करू नका. कापणं, त्यावर मजकूर टाकणं यावरून वाद होऊ शकतो. ‘सीसी शून्य’ म्हणजे मालकाने हक्क सोडून दिले.

श्रेय देताना फोटोचं नाव, फोटोग्राफरचं नाव, परवान्याचं नाव, दुवा, आणि बदल केला असेल तर तसं लिहा. तुम्ही स्वतः गोकाक धबधब्याचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा: तिथे ‘एनसी’ चालत नाही, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्या हॉटेलवाल्याने तो भिंतीवर लावला, तर नाव देण्यापलीकडे तुम्ही काही मागू शकत नाही.

१७ जानेवारीला हुतात्मा दिनानिमित्त सीमालढ्याचे जुने फोटो फिरतात. जुने फोटो म्हणजे हक्क संपलेले?

सरसकट नाही. आज फोटोचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. २०१२ पर्यंत नियम वेगळा होता: फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणून १९५१ अखेरपर्यंत भारतात प्रसिद्ध झालेला फोटो बिनधास्त मोकळा समजायला हरकत नाही. नवा नियम येण्याआधीच त्याची मुदत संपली होती. १९५६ सालचा फोटो मात्र या रेषेच्या अलीकडे येतो. तो संरक्षित आहे असं धरूनच वागलेलं बरं: मूळ वृत्तपत्राला किंवा फोटोग्राफरच्या वारसांना विचारा, मिळालेलं उत्तर जपून ठेवा. जुना फोटो स्कॅन केला म्हणून स्कॅन करणाऱ्याला नवा हक्क मिळत नाही. आजोबांच्या पेटीतला छापील फोटो तुमचा. त्यातली प्रतिमा तुमची असेलच असं नाही.

फोटोत दिसणाऱ्या माणसाची परवानगी लागते का?

कॉपीराइटसाठी नाही, तो हक्क चेहऱ्यावर नसतो. पण खाजगीपणाचा हक्क वेगळा आहे. यात्रेतल्या गर्दीचा फोटो चालतो. त्याच गर्दीतल्या एका बाईचा चेहरा मोठा करून तेलाच्या जाहिरातीत घातला तर ती हरकत घेऊ शकते. मुलांचे फोटो असतील तर पालकांची लेखी संमती घ्या, शाळांनी तर प्रवेशाच्या वेळीच.

लष्करी भागात किंवा ड्रोनने काढलेल्या फोटोंचं काय?

मालकीचा प्रश्न नंतर, आधी तो काढायलाच परवानगी आहे का ते पाहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सांबऱ्याचा हवाई दलाचा तळ आणि विमानतळ यांच्यामुळे शहराच्या मोठ्या भागावर ड्रोनला बंधनं आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर झोन तपासा.

माझा फोटो चोरला गेला. आता काय करू?

रागाच्या भरात खाली कॉमेंट टाकू नका. ती वाचून समोरचा पोस्ट उडवतो आणि पुरावा जातो. क्रम असा ठेवा.

आधी पुरावा. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, ज्यात पत्ता, खात्याचं नाव, तारीख दिसेल. शक्य असेल तर पान स्क्रोल करतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग. दुवा वेगळा लिहून ठेवा. हे नंतर न्यायालयात दाखवायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून स्क्रीनशॉट कुठल्या फोनवर घेतला ते लक्षात असू द्या.

मग मूळ फाइल बाजूला काढा: रॉ किंवा कॅमेऱ्यातली न कापलेली जेपेग, आणि तिच्या आगेमागे काढलेले दोन-तीन फोटो. हे आगेमागचे फोटो फार उपयोगी पडतात, कारण ते चोराकडे नसतात. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली तारीख आणि कॅमेऱ्याची माहिती निघून जाते; मूळ फाइल पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो अजून कुठे कुठे फिरतोय ते गूगल लेन्सने शोधा.

त्यानंतर समोरच्याला थोडक्यात लिहा: फोटो माझा, काढल्याची तारीख अमुक, परवानगी दिलेली नाही, सात दिवसांत काढा किंवा इतके पैसे द्या. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. सीमाभागात समोरचा कोण हे शोधायला दोन फोनच लागतात.

नाही मिटलं तर त्या मंचाच्या (फेसबुक, इन्स्टाग्राम वगैरे) कॉपीराइट तक्रार फॉर्मवर जा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ आणि त्याखालच्या नियमावलीतल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार दिली तर मंचाने ३६ तासांत तो फोटो दिसणं बंद करायचं असतं, पण ते २१ दिवसांपुरतंच. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते फोटो पुन्हा दाखवू शकतात. कंपनीच्या स्वतःच्या फॉर्मला अशी अट सहसा नसते, म्हणून आधी तोच वापरा.

पोलिसांकडेही जाता येतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा दखलपात्र गुन्हा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आणि तालुक्यांत जिल्हा पोलीस अधीक्षक, दोन्हीकडे सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) ठाणी आहेत. तक्रार कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहून नेली तर काम लवकर पुढे सरकतं.

दिवाणी दाव्यासाठी एक सोय आहे जी इथल्या लोकांना फार उपयोगाची. कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. फोटो कोल्हापूरच्या दुकानाने चोरला तरी बेळगावात दावा. रक्कम ३ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो व्यावसायिक वाद ठरतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर आधी मध्यस्थीला जावं लागतं. मुदत तीन वर्षांची आहे.

नोंदणी करावी का?

सक्ती नाही. कॅलेंडरवाल्यांना विकण्यासारखे निवडक फोटो असतील तर करा. नोंदवही न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. अर्ज केंद्राच्या कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नमुना १४ मध्ये भरायचा, कलाकामासाठी प्रत्येकी ५०० रुपये, मालावर वापरलं जाणारं असेल तर २,००० रुपये. हरकतींसाठी किमान ३० दिवस थांबावं लागतं.

उलट मलाच नोटीस आली. पैसे मागतायत.

आधी फोटो काढून टाका, पण स्क्रीनशॉट ठेवा. मग विचारा: मालकीचा पुरावा काय, करार असेल तर त्याची प्रत, आणि रक्कम कशावरून काढली. खरा मालक हे देतो. तो फोटो तुम्ही कुणाकडून घेतला, त्या डिझायनरचं बिल शोधा. समोरचा विनाकारण धमकावत असेल, तर कलम ६० प्रमाणे तुम्हीच न्यायालयात जाऊन त्याला थांबवू शकता आणि झालेलं नुकसान मागू शकता. पुरावा येईपर्यंत यूपीआयवर काहीही पाठवू नका.